दवाखान्यात उगारलेला हात



या पानावर आपण बहुधा बियाणे, खते, गुरांचे रोग आणि घरगुती औषधपाणी यांविषयी वाचता. आजचा विषय थोडा निराळा आहे. दवाखान्यात डॉक्टर, नर्स, कंपाऊंडर किंवा वॉर्डबॉय यांच्या अंगावर धावून जाणे, त्यांना मारहाण करणे आणि त्याबद्दल कायद्याने होणारी शिक्षा, याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. साप शेतात चावतो, फवारणीचे विष शेतात चढते, ट्रॅक्टर बांधावरून उलटतो आणि मग आपण दहा-वीस माणसे मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठतो. भांडणाला तोंड लागते ते पुष्कळदा अशाच वेळी. म्हणून हा विषय आपलाच आहे.

एक घरची गोष्ट

आमचे बिऱ्हाड नवागामला असले तरी थोडी शेती अजून खानदेशात, गावाकडे आहे. २०१३ सालच्या पावसाळ्यात भातलावणीसाठी आम्ही दोघे भाऊ गावी गेलो होतो. दिवेलागणीच्या वेळी बांधावरून येताना धाकट्याच्या पायाला घोणस चावली. पाय डोळ्यांदेखत सुजू लागला. आम्ही पंधराजण त्याला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तेथे एक तरुण डॉक्टर आणि एक नर्सबाई, एवढीच माणसे होती.

डॉक्टरने पाय पाहिला, भावाच्या हातातून थोडे रक्त काढले, ते एका काचेच्या नळीत घातले आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. "वीस मिनिटे थांबा," तो म्हणाला. आमचा माणूस तळमळतो आहे आणि हा डॉक्टर घड्याळाकडे पाहत उभा आहे, हे मला सहन झाले नाही. मी ओरडलो. मागून आणखी चौघे ओरडले. मी पुढे होऊन त्याची कॉलर धरली. त्या ओढाताणीत टेबलाला धक्का लागला आणि नळी खाली पडून फुटली.

त्या डॉक्टरने मला शिवी दिली नाही. त्याने कॉलर सोडवून घेतली, पुन्हा रक्त काढले, पुन्हा नळी टेबलावर ठेवली आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिले. आणखी वीस मिनिटे.

ती नळी म्हणजे काय, हे मला नंतर नर्सबाईंनी सांगितले. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले असेल तर विष अंगात भिनले असे समजून सर्पविषावरची लस सलाइनमधून द्यायची. ज्याला मी आळस समजलो तीच तपासणी होती आणि माझ्याच हाताने मी ती मोडली होती.

भाऊ वाचला. त्याला पुढे मोठ्या इस्पितळात हलवावे लागले आणि मूत्रपिंडाच्या त्रासासाठी बरेच दिवस तेथे ठेवावे लागले. त्या वाया गेलेल्या वीस मिनिटांमुळे काही बिघडले की काय, हे मला कोणी सांगितले नाही आणि विचारण्याचे धैर्यही मला झाले नाही. त्या तरुण डॉक्टरने पोलिसांत तक्रार दिली नाही. नेमणुकीची मुदत संपताच तो निघून गेला. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या खुर्चीवर कोणीच नव्हते. त्या पावसाळ्यात ज्यांना साप चावला ते आणखी लांब गेले.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे आणि तेच या लेखात मांडावयाचे आहे. दवाखान्यात उगारलेला हात डॉक्टरला लागतो तो थोडाच; त्याचा खरा मार आपल्याच आजाऱ्याला आणि आपल्यामागून येणाऱ्या आजाऱ्यांना बसतो. म्हणून अशा हाताला शिक्षा हवी. परंतु ती कागदावर मोठी असून भागत नाही. ती ठरलेली आणि वेळेवर होणारी हवी, आणि तिच्याबरोबर गरिबाची तक्रार ऐकणारी जागाही हवी.

धुळ्याचे प्रकरण

आपल्यापैकी अनेकांची गावे धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांत आहेत. तेव्हा धुळ्याची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. मार्च २०१७ मध्ये अपघातात डोक्याला मार लागलेल्या एका रुग्णाला धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात आणण्यात आले. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तेथे नव्हता. ड्यूटीवर अस्थिरोगाचे शिक्षण घेणारा एक निवासी डॉक्टर होता. रुग्णाला दुसरीकडे न्यावे लागेल असे त्याने सांगितले. त्यावर जमावाने त्याला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली.

त्याच महिन्यात मुंबईच्या इस्पितळांतही मारहाणीचे प्रकार घडले. तेव्हा महाराष्ट्रातील सुमारे चार हजार निवासी डॉक्टर एकदम रजेवर गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सरकारने इस्पितळांत अकराशे सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन दिले आणि काही दिवसांनी डॉक्टर कामावर परतले.

मेंदूचा तज्ज्ञ नेमणे हे त्या तरुणाच्या हातात होते काय? तो स्वतः शिकाऊ होता. जागा भरणारे, पैसा मंजूर करणारे, यंत्रे मागवणारे लोक त्या रात्री धुळ्यात नव्हते. समोर जो सापडला त्याला मार बसला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही. आणि नंतर जे चार-पाच दिवस सरकारी इस्पितळे अडली, त्यात कोणाचे हाल झाले? ज्याच्यापाशी पैसा आहे तो खासगी इस्पितळात गेला. सरकारी इस्पितळाच्या पायरीवर बसून राहिला तो आपल्यासारखाच शेतकरी किंवा मजूर.

कायदा काय म्हणतो

कायदा माहीत नव्हता, ही सबब न्यायालयात चालत नाही. म्हणून तो थोडक्यात समजून घेऊ.

महाराष्ट्रात २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्था यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात डॉक्टरांबरोबर नर्स, वैद्यकीय विद्यार्थी आणि इतर साहाय्यक कर्मचारीही येतात. मारहाणच कशाला, धमकी देणे, काम करताना अडवणे आणि सामानाची मोडतोड करणे हीसुद्धा या कायद्याखाली हिंसाच आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. नुकसानीची भरपाई दुपटीने द्यावी लागते. गुजरात सरकारनेही २०१२ साली याच धर्तीचा कायदा केला. तेव्हा नवागामला राहा की नवापूरला, आपण या कायद्याच्या बाहेर नाही. २०१३ मध्ये मी जे केले तो या कायद्याने गुन्हाच होता.

कोविडच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, केंद्र सरकारने वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेने ती कायम केली. त्याप्रमाणे साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत केल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. गंभीर दुखापतीचा दंड एक लाखापासून पाच लाखांपर्यंत आहे. शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे: नुकसानभरपाई दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. एका क्षणाच्या रागापायी वाडवडिलांच्या जमिनीवर बोजा चढू शकतो.

केरळमध्ये मे २०२३ मध्ये, पोलिसांनीच उपचारासाठी आणलेल्या एका माणसाने एका तरुण महिला डॉक्टरचा खून केला. त्यानंतर त्या राज्याने आपला कायदा कडक करून गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. संपूर्ण देशासाठी एकच कायदा असावा म्हणून २०१९ साली केंद्र सरकारने मसुदा तयार केला होता. त्यात गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड सुचवला होता. पण तो मसुदा मागे पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर इस्पितळात ड्यूटीवरील महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. राज्यांचे कायदे आणि नवी भारतीय न्याय संहिता यांत पुरेशी तरतूद आहे, वेगळ्या केंद्रीय कायद्याची गरज नाही, असे त्या कृतिदलाने आपल्या अहवालात म्हटले.

कुंपणाला पडलेली खिंडारे

मला कृतिदलाचे म्हणणे बरेचसे पटते. कुंपणाची उंची वाढवत नेली आणि खालची खिंडारे तशीच ठेवली, तर गुरे आत येतातच. तीन वर्षांची कैद ज्याला घाबरवत नाही त्याला दहा वर्षांचीही घाबरवणार नाही, कारण कॉलर धरताना कोणी कलमे मोजत नसतो. माणूस घाबरतो ते आपल्या गावात कोणाला तरी खरोखर शिक्षा झालेली पाहिली म्हणजे.

आणि नेमके तेच होत नाही. मारहाण झाली की गावचा पुढारी मध्ये पडतो. डॉक्टर परगावचा, त्याला तेथेच दिवस काढावयाचे असतात. चहा होतो, हात जोडले जातात आणि प्रकरण मिटते. मी स्वतः असाच सुटलो. नर्स किंवा आशाताई असेल तर तिला आणखीच गप्प बसवले जाते, कारण तिचे सासर-माहेर त्याच पंचक्रोशीत असते.

म्हणून तक्रार देण्याचा भार मार खाणाऱ्यावर टाकू नये. ती संस्थेने द्यावी. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने १६ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या इस्पितळांना तसा आदेश दिला आहे: हल्ला झाल्यापासून सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा. हा नियम प्रत्येक राज्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचला पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीत तपास तीस दिवसांत आणि खटला एका वर्षात संपवण्याची मुदत होती. ती फक्त साथीपुरती का असावी? घोणस साथ पाहून चावत नाही.

त्याबरोबर दुसरेही सांगितले पाहिजे. शिक्षा मारणाऱ्याला व्हावी. चाळीस माणसे दवाखान्यात होती म्हणून चाळीसजणांना पकडून नेणे, आणि त्यात आजाऱ्याचा म्हातारा बापही असणे, हा न्याय नव्हे. अशाने गाव आणि दवाखाना यांच्यातील तेढ वाढतच जाते.

राग येतो कशाने

राग फुकट येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. दवाखान्यात लस नसते, डॉक्टर जागेवर नसतो, कोणी नीट बोलत नाही, बिलाचा आकडा रोज वाढतो. ही दुःखे खरी आहेत. परंतु माझ्या अनुभवाप्रमाणे अर्धा राग आपल्याला उपचार समजत नाही म्हणून येतो. शेतकऱ्याच्या घरी नेहमी येणाऱ्या प्रसंगांतील काही गोष्टी येथे सांगतो.

सर्पदंशातील वीस मिनिटांच्या तपासणीविषयी वर लिहिलेच आहे. मण्यार चावली असेल तर जखम दिसत नाही, दुखतही नाही. पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि काही तासांनी श्वास अडतो. अशा वेळी डॉक्टर वारंवार डोळे उघडायला लावतो, मान उचलायला सांगतो. तो वेळ घालवीत नसतो, विष कोठवर चढले ते पाहत असतो. सर्पविषावरच्या लसीची कधी कधी उलटी प्रतिक्रियाही येते. अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, रक्तदाब उतरतो. ही प्रतिक्रिया थोपवण्याचे औषध डॉक्टर जवळ तयार ठेवतो. "इंजेक्शन दिले आणि माणूस बिघडला" असे ओरडण्यापूर्वी हे आठवावे.

फवारणीच्या विषबाधेत तर आणखी गैरसमज होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. कीटकनाशकांच्या एका मोठ्या वर्गाच्या विषावर ॲट्रोपीन नावाचे औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते. फुप्फुसात दाटलेला स्राव सुकेपर्यंत ते थांबवता येत नाही. त्या औषधाने तोंड कोरडे पडते, अंग तापते, चेहरा लाल होतो. आजारी बरळतो, सलाइन ओढून काढतो. म्हणून कधी त्याचे हात खाटेला बांधावे लागतात. घरच्यांना वाटते, आमच्या माणसाला वेड लावले, गुरासारखा बांधून ठेवला. खरे म्हणजे त्याचा जीव राखण्याचे काम चाललेले असते.

अशा विषबाधेत दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, माणूस बरा होतो आहे असे वाटत असतानाच मानेचे आणि छातीचे स्नायू दुबळे पडून श्वास अडू शकतो. मग यंत्राने श्वास द्यावा लागतो. "काल बोलत होता, आज कसा गेला?" हा प्रश्न अशा वेळीच उठतो आणि त्यातून काचा फुटतात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नातेवाइकांना सांगून ठेवावे की पहिले चार दिवस धोक्याचे आहेत. हे सांगायला पाच मिनिटे लागतात आणि त्या पाच मिनिटांनी पुष्कळ अनर्थ टळतो. या बाबतीत डॉक्टर मंडळींकडे दोष जातो, हे मी मोकळेपणाने म्हणतो.

शेवटची गोष्ट रांगेची. आपण आधी आलो तरी मागून आलेल्याला आत घेतात. मोठ्याने ओरडणारा आजारी पुष्कळदा गप्प पडलेल्यापेक्षा कमी धोक्यात असतो. अपघात विभागात पाळी घड्याळाने नव्हे, धोक्याने ठरते.

ही भीती जुनी आहे

आपली पिढीच फार बिघडली, असे मानण्याचे कारण नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. इस्पितळात नेलेला माणूस मारला जातो अशा अफवा उठल्या आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. १८९७ साली पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, बायाबापड्यांचा अपमान केला. त्याचा शेवट रँडच्या खुनात आणि चाफेकर बंधूंच्या फाशीत झाला. साथरोगाचा जो कायदा २०२० मध्ये दुरुस्त केला तो त्याच वर्षीचा. दांडगाई दोन्ही बाजूंनी झाली आणि रोग हटला नाही. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च रोजी मरण पावल्या. लोकांचा विश्वास बसतो तो अशा माणसांमुळे.

आपल्या सुरतेत सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची घबराट झाली, तेव्हा लाखो लोक गाड्या भरून पळाले. अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद केले. सिव्हिल इस्पितळातील डॉक्टर, नर्स आणि सफाई कामगार मात्र वॉर्डात उभे राहिले. आज आपण नवी सिव्हिल किंवा स्मीमेरमध्ये खाटेसाठी हुज्जत घालतो, तेव्हा त्या दिवसांची आठवण ठेवावी.

आणि परिचारिकांविषयी बोलताना अरुणा शानभाग यांना विसरता येत नाही. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातील या तरुण नर्सवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच इस्पितळातील एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा आवळल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली. तो ती भोगून बाहेर पडला. अरुणाबाई १८ मे २०१५ रोजी वारल्या, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षांनी. एवढा काळ त्या इस्पितळाच्या परिचारिकांनी, पिढी बदलली तरी, त्यांना आपल्या घरच्या माणसासारखे सांभाळले. एवढ्या वर्षांत त्यांच्या पाठीला जखम पडू दिली नाही, असे त्यांची काळजी घेणाऱ्यांबद्दल सांगितले जाते. नर्सवर आवाज चढवण्यापूर्वी ही बेचाळीस वर्षे डोळ्यांपुढे आणावीत.

हात न उगारता दाद मागता येते

"मग आम्ही गप्प बसायचे काय?" असा प्रश्न येईल. गप्प बसू नये. ८ जुलै १९९२ रोजी बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला आणि त्याच्या डोक्याला जबर मार लागला. त्याला एका सरकारी इस्पितळातून दुसऱ्यात फिरवले. कोठे साधने नव्हती, कोठे खाट नव्हती. शेवटी पदरचे पैसे मोडून खासगी इस्पितळात उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजदूर समितीने, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९६ साली न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई दिली आणि तातडीचा उपचार मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पैशाची अडचण ही सरकारला सबब नाही, असे बजावले. एका मजुराच्या अर्जाने देशभरातील गरिबांसाठी निकाल मिळाला. त्याने कोणाची कॉलर धरली असती तर त्याचे नाव फक्त पोलीस चौकीच्या वहीत राहिले असते.

महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यातही निष्काळजीपणाचा फटका बसलेल्या रुग्णांचे गाऱ्हाणे ऐकून त्यांना योग्य ठिकाणी दाद मागण्यास मदत करणारे प्राधिकरण असावे, अशी तरतूद आहे. कायद्याच्या या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी फारसे कोणी बोलत नाही. शिक्षेचे फलक प्रत्येक इस्पितळात लागतात. त्यांच्या शेजारी "तक्रार येथे करा" असा फलकही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लागला पाहिजे. पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगाचा मार्ग १९९५ पासून खुला आहे. डॉक्टरच्या घोर निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर त्यालाही न्याय संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र त्यासाठी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत लागते, आणि ते घेण्यासाठी हातात कागद हवेत.

आपण काय करावे

१. आजाऱ्याबरोबर दोन शहाणी माणसे आत जावीत. बाकीच्यांनी फाटकाबाहेर थांबावे. रक्त द्यावे लागेल, गाडी लागेल, त्याची तयारी ठेवावी.

२. डॉक्टरशी एकानेच बोलावे. काय झाले आहे, काय करणार आहात, धोका किती आहे, येथे होत नसेल तर कोठे न्यावे, हे चार प्रश्न शांतपणे विचारावेत.

३. साप चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. जखम कापू नये, आवळून बांधू नये, भगताकडे वेळ घालवू नये. पाय हलू न देता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी; ती गुजरातेत आणि महाराष्ट्रातही मिळते.

४. फवारणीची विषबाधा असेल तर औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी. अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे.

५. केसपेपर, चिठ्ठ्या, पावत्या जपून ठेवाव्यात. तक्रार करायची झाली तर लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी.

६. दारू प्यालेल्या माणसाला आजाऱ्याबरोबर मुळीच पाठवू नये.

७. जमावात कोणी हात उगारला तर त्याचा हात आपल्यातल्याच कोणीतरी धरावा. पोलीस येईपर्यंत वाट पाहू नये.

आपल्या धर्मग्रामात नर्सचे काम करणाऱ्या भगिनी आहेत, सिस्टर्स आहेत. एखाद्या रविवारी मिस्सानंतर त्यांना अर्धा तास बोलायला सांगावे. सर्पदंश, विषबाधा आणि अपघात यांत दवाखान्यात नक्की काय करतात, हे त्या आपल्या भाषेत समजावून देतील. ज्याला ती काचेची नळी कशाची हे आधीच ठाऊक आहे, तो ती फोडणार नाही.

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. त्यातल्या सराईवाल्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला त्याच्या हवाली केले, पैसे दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. रात्रभर जागा राहिला असेल तो सराईवाला. आजचे डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय हे त्या सराईवाल्याच्या जागी आहेत. त्यांच्यात चुकार असतील, लोभी असतील. त्यांच्यासाठी तक्रारीचा मार्ग आहे. पण आपला माणूस त्यांच्या हवाली केल्यावर त्यांच्यावर हात उगारणे म्हणजे आपल्याच माणसाची खाट ओढणे होय.

तो तरुण डॉक्टर आता कोठे असतो हे मला ठाऊक नाही. त्याची माफी मागायची राहून गेली. भाऊ आज नवागामला आहे, पावसाळ्यात गुडघ्याएवढे बूट घालून शेतावर जातो आणि रात्री बॅटरी घेतल्याशिवाय बांधावर पाय टाकत नाही. कोणाला दवाखान्यात न्यायचे असले की लोक मला बोलावतात. मी जातो, आणि प्रत्येक वेळी सर्वांत आधी आमच्याच मंडळींना फाटकाबाहेर थांबवतो.